देठांची धुरी

परवा सुनेनं पेस्ट कंट्रोलवाले बोलावले. दोन पोट्टे आले, पाठीला पंप, तोंडाला मास्क. "आंटी, तीन घंटे बाहर बैठना पड़ेगा," त्यातला एक म्हणाला, "पर बास बिलकुल नहीं आएगी." मी म्हटलं, वास येणार नाही तर किडे मरणार कसे रे बाप्पा? ते हसले. मला हसू आलं नाही. ज्यानं डोळ्यांतून पाणी निघत नाही, नाकात आग होत नाही, शेजारीण शिव्या देत अंगणात येत नाही, त्याला औषध म्हणायचं तरी कसं! पण घर आता सुनेचं. मी गुपचूप दोन प्लास्टिकच्या खुर्च्या उचलल्या आणि शकूताईला घेऊन खाली पार्किंगमध्ये जाऊन बसले.

शकूताई माझी थोरली बहीण. पंच्याहत्तरीला आली आहे. उन्हाळ्याचे दोन महिने ती माझ्याकडे असते. रिकामं बसणं तिला कधी जमलं नाही, म्हणून खाली येतानाही तिनं चिंचांची पिशवी आणि एक डबा काखेत मारून आणला होता. ती चिंचा फोडू लागली आणि मी ऊन बघत बसले. सकाळचे दहा वाजले नव्हते तरी गाड्यांच्या टपांकडे बघवत नव्हतं. तेवढ्यात वरच्या कुठल्यातरी फ्लॅटमधून मिरची भाजल्याचा ठसका खाली उतरला. आम्ही दोघी एकदमच खोकलो आणि एकमेकींकडे बघितलं.

आमच्या वस्तीत होळी झाली की मारण्याचा मोसम सुरू व्हायचा. साफसफाई हा शब्द मी मुद्दाम वापरत नाही. साफसफाई म्हटलं की डोळ्यांपुढे फडकं येतं, बादली येते, गाणं गुणगुणणारी एखादी गृहिणी येते. आमच्याकडे धोपटायच्या लाकडी मोगऱ्या होत्या, खराटे होते, चुलीवर घळघळ उकळणारं पाणी होतं आणि पदर कमरेला करकचून खोचलेल्या बाया होत्या. सक्करदऱ्याच्या अलीकडे आमची गल्ली. नऊ घरं, मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. चौदा एप्रिलला जयंती. जयंतीच्या आत नऊच्या नऊ घरं पांढरीफेक झाली पाहिजेत, हा नियम कोणी केला कोण जाणे, पण तो मोडायची कोणाची छाती नव्हती. रोज एक घर घ्यायचं. ज्याचा दिवस त्याच्या दारी अख्खी गल्ली. सकाळी उजाडलं की आधी घर रस्त्यावर काढायचं. बाजा, पेट्या, पाण्याच्या पितळी गुंड्या, पिठाचे डबे, फुटकी दौत, मोडका पाळणा, सगळं. भिंतीवरच्या दोन तसबिरी तेवढ्या सर्वांत शेवटी निघायच्या, त्याही ओल्या फडक्यानं पुसून, आणि शेजारच्या घरात उंच जागी ठेवल्या जायच्या. बाकी आमची सगळी अब्रू रस्त्यावर. कोणाच्या गोधडीला किती ठिगळं, कोणाच्या डब्यात किती दाणे उरले, कोणाच्या घरी पाहुण्यासाठी वेगळा कप आहे, हे सगळ्यांना पाठ होतं. मला त्या दिवसाची भारी लाज वाटायची आणि भारी मजाही यायची.

मग मारणं सुरू. बाज उलटी करून तिच्या सांध्यात उकळतं पाणी ओतायचं. चर्र आवाज होई आणि लाकडाच्या भेगांतून ढेकणांची रांग बाहेर पडे. त्या पळणाऱ्या ढेकणांना आम्ही पोरं दगडानं चिरडत असू. त्यांचा तो घाणेरडा वास अजून माझ्या बोटांना येतो असं मला कधीकधी वाटतं. गाद्यांवर मोगऱ्या पडत. त्या मोगऱ्या मारताना बायांच्या तोंडून जी नावं निघत, ती गादीची नसत. सासूचं नाव निघे, नणंदेचं निघे, मिलमधल्या मुकादमाचं निघे. शेजारच्या चंदाची आई तर आपल्या मेलेल्या नवऱ्याचं नाव घेऊन दणादण हाणायची आणि थकली की म्हणायची, "आता बरं वाटलं बाई." कवेलू फेरायला वर चढलेली माणसं वरून विंचू खाली झटकत आणि खाली चपला घेऊन आम्ही तयार. दुसरीकडे ड्रममध्ये कळीच्या चुन्याची ढेकळं टाकून पाणी ओतलं की तो ड्रम असा खदखदत उसळायचा की माय ओरडे, "दूर व्हा वं, डोये जाईन!" उंदराची पिल्लं सापडली तर त्यांचं काय व्हायचं ते मी लिहीत नाही.

आणि संध्याकाळी हेच हात धुऊन आम्ही पंचशील म्हणायला बसत असू. वडिलांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. बाबा मिलमध्ये कामाला होते, पण वस्तीत त्यांचा मान मोठा. पेपर वाचून दाखवायचे, पोरींना शाळेत घाला म्हणून घरोघरी भांडायचे, सभेत बोलायला उभे राहिले की लोक चिडीचूप बसायचे. पहिलंच शील जीव न मारण्याचं. मी सातवीत असताना एकदा त्यांना विचारलं, "बाबा, मंग ढेकणाचं काय?" बाबांनी हातातला पेपर खाली ठेवला. म्हणाले, "तो आपलं रगत पिते. जो रगत पिते त्याच्यासंग कसं वागाचं, ते तू मोठी झाली का सांगीन." ते सांगायचं राहिलं.

ढेकणांवर आमच्या गल्लीचं खास औषध मात्र पाणी नव्हतं, धुरी होती. ही चंदाच्या आईची, गजराबाईची देणगी. चंदा माझी जिवाची मैत्रीण आणि गजराबाई आमची शेजारीण. ती मिरचीच्या गोदामात देठं खुडायच्या कामाला जायची. लाल भिवापुरी मिरची, तिचे डोंगर, आणि त्या डोंगरांच्या पायथ्याशी दिवसभर बसलेल्या बाया. गजराबाईच्या बोटांना आता मिरची लागतच नव्हती. तिनं आम्हाला कधी गालाला हात लावला तर मात्र आमचा गाल तासभर जळे. गोदामात देठं, बिया आणि रंग उडालेल्या मिरच्यांचा चुरा फेकून देत. गजराबाई ते पोत्यानं घरी आणायची. ज्या घराचा दिवस असेल त्याच्या खिडकीला पोतं ठोकायचं, कवेलूंच्या फटींत ओली फडकी कोंबायची, मधोमध घमेल्यात निखारे ठेवायचे, त्यावर दोन मुठी देठं टाकायची आणि श्वास रोखून बाहेर पळायचं. दाराला बाहेरून कडी. चार घागरी पाणी भरून होईपर्यंत दार उघडायचं नाही, हे तिचं माप. तेवढ्यात भिंतीतले ढेकूण, पाली, उंदीर, झुरळं, सगळ्यांचा हिशेब व्हायचा. कवेलूंतून जो धूर निसटे त्यानं अख्खी गल्ली खोकायची, म्हातारी माणसं शिव्या घालायची आणि कुत्री पळून तळ्याकडे जायची.

मी सातवीत होते त्या वर्षी शकूताई होळीच्या आधीच माहेरी आली होती. बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. लग्नाला दोन वर्षं झालेली. नवरा, माणिकराव, खापरखेड्याच्या कॉलनीत राहायचा. पक्की नोकरी, टेरिलीनचे शर्ट, हातात घड्याळ. वस्तीतल्या बायांनी लग्नात मायला म्हटलं होतं, नशीब काढलं पोरीनं. ती आली तेव्हा उजवं मनगट सुजलेलं होतं. बादली लागली म्हणाली. दुसऱ्या दिवशी माय नहाणीत तिचं डोकं धूत होती. मी बाहेर भांडी घासत होते. आतून तांब्या पडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसतं पाणी. नंतर रात्री मायनं मला सांगितलं की ताईच्या टाळूजवळ रुपयाएवढी जागा उघडी आहे, केस मुळासकट उपटलेले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनी पंचांसमोर शब्द दिला होता, माझं लग्न व्हायचं होतं, आणि वस्तीला शिकवणाऱ्या माणसाच्या घरी पोरगी परत येऊन बसली तर लोक काय म्हणतील, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "जयंती झाली का जाशीन तू, शकू." आमच्या घराचा दिवस आला तेव्हा बाबांनी पहाटे कामावर जाण्याआधी तिची पत्र्याची पेटी आमच्या सामानापासून वेगळी, गजराबाईच्या भिंतीला लावून ठेवली. बाकीचं सामान चुना झाल्यावर आत जाईल, ही पेटी खापरखेड्याला जाईल, असं मायला बजावून ते गेले. म्हणजे ताईजवळ आठ दिवस होते. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं आणि आम्ही ढेकूण मारत होतो.

आता हे लिहिताना मला राग येतो आहे. तेव्हाही येत होता, पण सातवीतल्या पोरीचा राग कोण विचारतं! त्या सकाळी मी बाजेवर इतकं पाणी ओतलं की सुतळी सैल पडली. गजराबाई म्हणाली, "पोट्टे, बाज मारून राहिली का ढेकूण?"

दुपारी धुरी लावली. ताई गोधड्यांचं ओझं घेऊन नळावर गेली होती. माय, गजराबाई, चंदा आणि गल्लीतल्या दोघीतिघी नाकाला ओले पदर लावून रस्त्यावर, आमच्याच सामानात बसलेल्या. आणि सायकलवरून माणिकराव आला. सायकल त्यानं स्टँडला लावली नाही, आमच्या गाद्यांवर टाकली.

"कुठी हाय तुमची पोरगी?"

माय उठली. "नळावर गेली जवाईबापू. बसा न. चहा टाकते."

"नळावर? मंग भरदुपारी दार काहून लावलं?"

"धुरी देल्ली जी. ढेकणायची."

"मले पागल समजता का?" तो ओरडला. "पोरगी आत लपवून ठेवता अन् ढेकणायचं नाव सांगता!"

माय दारापुढे जाऊन उभी राहिली. ती फक्त एवढंच म्हणत होती, "आत जाऊ नोका, बापू, मिरची हाय, मिरची हाय." त्याला वाटलं ती पोरीला वाचवते आहे. खरं तर ती त्याला वाचवत होती. त्यानं तिला एका हातानं बाजूला भिरकावलं. माय पितळी गुंड्यांवर जाऊन आदळली. कोपर फाटलं, रक्त आलं, आणि गुंडी रस्त्यावर गडगडत गेली. तो कडी काढून आत घुसला. "शके! भायेर निंघ!" हे मला स्पष्ट ऐकू आलं.

आणि मी दार ओढलं आणि कडी घातली.

लोकांनी मला पुढे पुष्कळदा विचारलं, काय विचार केला होतास? कसला विचार! हात आधी गेला. कडी कोयंड्यात बसल्याचा आवाज मीच ऐकला आणि मग राग पेटला, आणि तो असा पेटला की मला हलता येईना. आत पहिल्यांदा शिव्या झाल्या. मग खोकला. मग दारावर लाथा. दार जुनं सागवानी, बाबांनी हौसेनं कुठल्यातरी बंगल्याच्या लिलावातून आणलेलं. ते हललं पण निघालं नाही. मग तो "पानी, पानी" म्हणू लागला आणि त्यानंतर "मायवं" म्हणू लागला. इकडे चंदा रडायला लागली होती. मी मायकडे बघितलं. ती कोपर धरून गुंड्यांच्या मधे बसली होती आणि दाराकडे बघत होती. तिनं मला उघड असं म्हटलं नाही. गजराबाई तिच्या शेजारी येऊन मांडी घालून बसली, नाकावरचा पदर नीट केला आणि शांतपणे म्हणाली, "चार घागरी पानी भरून होऊ दे."

मला आनंद होत होता. हे मी कुठं बोलले नाही आजवर. एक माणूस आत गुदमरत होता, माझ्या हातानं, आणि मला आनंद होत होता. माझी पाठ दाराला होती आणि त्याची प्रत्येक लाथ मला पाठीत लागत होती आणि मी मनात म्हणत होते, आणखी मार. किती वेळ गेला, यावर आमच्यात कधी एकमत झालं नाही. चंदा म्हणते अर्धा तास. माय म्हणायची, दोन मिनिटं झाली असतील नसतील. माणूस मेला नाही, तेव्हा मायचंच खरं असावं.

ताई नळावरून आली. डोक्यावर ओल्या गोधड्यांचा भारा, अंगावरून पाणी निथळतंय. तिनं रस्त्यावरची सायकल बघितली, मायचं कोपर बघितलं, दारातून आवाज ऐकला. भारा तिनं तिथेच धुळीत टाकला. धुतलेल्या गोधड्या! धावत आली, मला दंडाला धरून बाजूला ढकललं आणि कडी काढली.

तो गुडघ्यांवर बाहेर आला. डोळे सुजून बंद, नाका-तोंडातून लाळ, टेरिलीनचा शर्ट छातीपर्यंत ओला. नालीपाशी जाऊन ओकला. ताईनं बादली उचलली आणि त्याच्या तोंडावर हळूहळू पाणी सोडलं, लहान पोराचं तोंड धुवावं तसं. मला तिचा इतका संताप आला की मी तिच्यावर ओरडणार होते. त्याला जरा दिसू लागलं. समोर ताईचे पाय दिसले. त्यानं हात वर केला आणि तिचे ओले केस धरून तिला खाली ओढलं. त्याच जागेवर, टाळूजवळ.

मग बाया उठल्या. त्या दिवशी गल्लीत कोणतं हत्यार नव्हतं असं नाही. मोगऱ्या होत्या, खराटे होते, बाजेचे निखळलेले पाय होते. गजराबाईनं पहिली मोगरी त्याच्या मनगटावर घातली, केस सुटेपर्यंत घातली. मग कोणी कुठं मारलं याला हिशेब नव्हता. तोंडातून नावं निघत होती, तीच, गादीवर मारताना निघायची ती. सासू, नणंद, मुकादम, मेलेला नवरा. मीही मारलं. माझ्या हातात बाजेचा पाय होता. एक पाठीवर बसला, एक कुठे बसला ठाऊक नाही. त्याचं एक बोट मोडल्याचं नंतर कळलं. ते माझ्यानं मोडलं की आणखी कुणाच्यानं, याची मी पुष्कळ वर्षं चौकशी केली नाही, आणि मोडलं याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटायला हवं, एवढं कळतं.

बाबा पहिली पाळी सुटून आले ते या गोंधळात. सगळे हात थांबले. त्यांनी आधी माझ्या हातातला बाजेचा पाय बघितला आणि माझ्या कानफटात दिली. दोन दिवस त्या कानात शिट्टी वाजत होती.

"जवायाले मारता? माह्या दारात?"

"तुह्या बायकोचं कोपर पाह्य न गा आधी!" गजराबाई कडाडली.

बाबांनी पाहिलं नाही. एक बाज सुलटी केली, माणिकरावाला उठवून तिच्यावर बसवलं, पाणी दिलं, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्याचं तोंड पुसलं. तो हुंदके देत म्हणत होता, "पोलिसात जातो, सगळ्यायले आत टाकतो." बाबांनी ते ऐकून घेतलं. मग मान वर न करता म्हणाले, "शकू, पेटी उचल. जयंतीची वाट पाहाचं काम नाही. आत्ताच जा."

ताई रस्त्यात बसलेली होती. उठली. पेटीकडे गेली नाही. गजराबाईच्या सुपात उरलेली देठं होती, चांगली सूपभर, ते सूप तिनं उचललं. ती काय करते आहे हे कोणाला कळेपर्यंत ती दारातून आत गेली होती. घमेल्यात निखारे अजून फुललेले होते. आतून कडी लागली. क्षणभर काहीच नाही. मग कवेलूंच्या फटीफटीतून धूर उठला, आधीपेक्षा काळा, आणि आमचे बाहेरच्यांचे डोळे पुन्हा पेटले.

मायनं जो हंबरडा फोडला तो मला इथे लिहिता येणार नाही.

आणि बाबा धावले. माझ्या आठवणीत ते असं आहे: बाबा धावले, सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेतली आणि आपल्याच दारावर घातली. तेच हौसेचं सागवानी दार. पहिल्या घावाला फळी फुटली, दुसऱ्याला बिजागरी, आणि मग सब्बल टाकून त्यांनी खांद्यानं धडक दिली. दार आत कोसळलं. ते धुरात शिरले आणि ताईला काखेत धरून बाहेर आले. तिचे डोळे मिटलेले, ओठ निळे, पण ती खोकत होती, म्हणजे जिवंत होती. बाबांनी तिला मायच्या मांडीवर ठेवलं. त्यांच्या खांद्यातून रक्त येत होतं. ते माणिकरावापुढे जाऊन उभे राहिले. दोन वर्षं त्याला अहो-जाहो करणारा माणूस. ते म्हणाले, "निंघ."

तो निघाला. पुढचं पंचांत मिटलं, पोलिसात काही गेलं नाही. ताई मॅट्रिकच्या परीक्षेला बसली, मग नर्सिंग शिकली, चाळीस वर्षं तिनं दुसऱ्यांची बाळंतपणं केली. कितीतरी पोरींची मनगटं बघून ती न विचारता ओळखायची, बादली लागली की काय लागलं ते.

त्या जयंतीला आमच्या घराच्या भिंती झगझगीत पांढऱ्या होत्या आणि घराला दार नव्हतं. चादर लटकवलेली. मिरवणूक गल्लीतून गेली तेव्हा लोक थांबून थांबून ती चौकट बघत होते. बाबांच्या नावाला बट्टा लागला नाही, उलट मान वाढला. पोरीसाठी दार फोडणारा माणूस. ही गोष्ट आमच्या घराण्यात मीच सांगत आले. लग्नांत सांगितली, शाळेत मुलींना सांगितली. बाबा गेले तेव्हा त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी माईक हातात घेऊन मी हीच गोष्ट सांगितली, आणि माणसं डोळे पुसत होती. शकूताई मागच्या रांगेत बसलेली होती.

परवा पार्किंगमध्ये तो ठसका आला आणि माझी तीच गाडी सुरू झाली. चिंचेची टरफलं खाली पडत होती आणि मी म्हणत होते, "काहीही म्हण ताई, पन बाबा त्या दिवशी कसे धावले होते!"

"धावले?" ती म्हणाली.

"मंग? सब्बल नाही का घेतली?"

"घेतली न. मंग घेतली." तिनं एक चिंच फोडली, चिंचोका काढला, गर डब्यात टाकला. "मी दाराले कान लावून उभी होती. तोंडात ओला पदर कोंबला होता. मले मराचं नव्हतं वं, सगळ्यायले वाटते मी मराले गेली. मले पाहाचं होतं."

"काय पाहाचं होतं?"

"त्या मानसासाठी मी धुतलेल्या गोधड्या मातीत फेकल्या अन् कडी काढली. एक घडी थांबली नाही. माह्यासाठी माहा बाप किती वेळ लावते, ते पाहाचं होतं."

मी पायाशी पडलेलं चिंचेचं टरफल उचललं.

"माय रडून राहिली होती," ती म्हणाली. "गजराबाई शिव्या देऊन राहिली होती. अन् दाराच्या अगदी जवळ मले काडी ओढल्याचा आवाज आला. बाबायनं बिडी पेटवली. तो जवाई म्हने, नाटक हाय, निंघन आपोआप. बाबा काही बोलले नाही. ते बिडी पेत उभे होते. पूर्ण पेली त्यायनं. मंग मले कायी दिसेनासं झालं अन् मंग सब्बल ऐकू आली."

मी तिथेच होते. त्या दारापासून चार पावलांवर, कानात शिट्टी वाजत होती पण डोळे उघडे होते. मायचा हंबरडा मला आठवतो, पहिला घाव आठवतो, बाबांच्या खांद्यावरचं रक्त आठवतं. ती बिडी आठवत नाही. मी कितीही डोळे मिटून बघितलं तरी माझ्या आठवणीत बाबा धावतच येतात. पन्नास वर्षं मी लोकांना ते धावणं विकलं. मला तिचा राग आला, मग बाबांचा आला, मग माझा स्वतःचा असा आला की वाटलं खुर्ची उचलून समोरच्या गाडीवर मारावी.

"मंग इतके वर्षं बोलली काहून नाही?" मी तिच्यावरच ओरडले. "मी माईकवर सांगून राहिली होती, तवा तरी उठाचं होतं!"

शकूताईनं डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काय बोलाचं वं? सब्बल घेतली न त्यायनं. उशिरा घेतली, पन घेतली. मले तेवढ्यावरच जगाचं होतं."